आधी वायरिंग, मग गादी

पोरांनी जुन्या पिकअपच्या हौद्यात बैठक, एलईडी आणि 600 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर बसवायचं ठरवलंय, आणि वर कुणीतरी 'वायर थेट बॅटरीवरून घ्या, काही होत नाही' असं सांगितलंय. होतंय की, भावा! 600 वॅट भागिले बॅटरीचे 12 व्होल्ट म्हणजे 50 अँपिअर. नुसते दोन हेडलाइट दहाएक अँपिअर ओढतात. तेव्हा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज देणारा जनरेटर, किती अँपिअर देतो तो त्याच्या प्लेटवरचा आकडा आधी वाचा. वायर जाड घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात बसवा. अ‍ॅम्प्लिफायरजवळ बसवलात तर मधे पत्र्याला घासून सोललेली वायर पेटताना फ्यूज नुसता बघत बसेल. अर्थिंगला रंग खरवडून उघड्या लोखंडावर बोल्ट आवळा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

बैठकीच्या फ्रेमचं काम उद्यमनगरात, वर्कशॉपच्या वस्तीत, करून घ्या. चौकोनी पाइप, वेल्डर, लेथ सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. फक्त वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. आम्ही एकदा विसरलो होतो. वर्गणीचे पैसे तिथंच संपले. साधं प्लायवूड आपल्या पावसाळ्यात फुगतं, मरीन प्लायच घ्या.

मालवाहू गाडीच्या हौद्यात कायमची सीट मात्र नकोच. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: आरसीवरच्या नोंदीशी विसंगत बदल चालत नाही. कॉलेजच्या आवारात प्रदर्शनाला ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी. रस्त्यावर काढणार आहात का, तेवढं सांगा.