विलायतेतली गाडी, नाशिकचा मुक्काम आणि टॅक्सची बोंब

लेस्टरची काकू

काल 'इंग्लंडमधली गाडी' या धाग्यावर नाशिककर साहेबांनी जे लिहिलंय ते वाचून डोकं फिरलं म्हणून हा वेगळा धागा. तिकडे त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आईच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी दहा महिने नाशकात होते, गाडी रेडिंगला घरासमोर उभी, गाडीचा टॅक्स डायरेक्ट डेबिटने (खात्यातून आपोआप) जात होता, रिन्यूअलला तो बंद पडला, दंडाचं पत्र आलं आणि पाठोपाठ गाडीला जॅमर. वर निष्कर्ष, की 'मी पैसे द्यायला तयार असताना घेत नाहीत आणि मग दंड लावतात, ही दिवसाढवळ्या लूट आहे.'

अहो लूट कसली? एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची तपासणी, संपली की टॅक्स पुढे सरकत नाही, मग डायरेक्ट डेबिट असो नाहीतर तुम्ही नोटा घेऊन रांगेत उभे असा. हे इथे पंधरा वर्षं राहिलेल्याला माहीत नसावं? एमओटीची आठवण फुकट मिळते, एकदा ईमेल नाहीतर मोबाइल नंबर देऊन ठेवायचा, महिनाभर आधी मेसेज येतो. आणि गाडी वापरणारच नसाल तर सॉर्न करा ना, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवा! मी २०१९ ला बाबांच्या तेराव्याला सांगलीत होते, गुरुजी यायच्या आधी ओटीवर बसून फोनवरून केलं, लॉगबुकचा (इथलं आरसी बुक) फोटो फोनमध्ये होता त्यावरून ११ आकडी नंबर टाकला, संपलं. पैसे शून्य. २०१३ पासून दरवर्षी पुन्हा करायचीही कटकट नाही. उलट उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत आले, चेक लॉगबुकवरच्या पत्त्यावर आला तो शेजारणीने उचलून ठेवला.

आपला गलथानपणा आणि बोंब सरकारच्या नावाने. भारतात आपण हेच करतो आणि इथे येऊनही तेच.

नाइलाजाने नाशिककर

मीच तो गलथान. नमस्कार.

काकू, एक वाक्य तुम्ही सोयीस्कर गाळलंत. सॉर्न केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर ठेवता येत नाही. तुमच्याकडे ड्राइव्हवे (घरापुढची खाजगी जागा) असेल, माझं टेरेस हाउस, म्हणजे भिंतीला भिंत लागलेलं रांगेतलं घर आहे, दार उघडलं की फुटपाथ आणि फुटपाथला लागून गाडी. म्हणजे मला सॉर्न बंद. टॅक्स भरायचा तर एमओटी पाहिजे, एमओटीला गाडी गॅरेजमध्ये नेली पाहिजे, न्यायला माणूस पाहिजे, माणसाला इन्शुरन्स पाहिजे आणि मी नाशकात आईचं बेडपॅन धरून उभा. आता सांगा यात मी कुठली कडी सोडवायला हवी होती?

महिन्याच्या हप्त्याने भरलं की ५ टक्के जास्त घेतात, तेव्हा १९५ चे २०४.७५ व्हायचे, तेही मी हूं की चूं न करता देत होतो. आणि तुमचा तो मेसेज यूकेच्या सिमवर, ते पे ॲज यू गो, दहा महिने रिचार्ज नाही, कधीच बंद पडलं होतं.

जॅमरचं म्हणाल तर दुपारचे अडीच वाजले होते, आईला मऊभात भरवत होतो आणि शेजारच्या पोलिश आजोबांनी व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, चाकाला पिवळं लोखंड आणि काचेवर भला मोठा स्टिकर. खाली लिहिलं होतं, 'सॉरी माय फ्रेंड'. सोडवायला १०० पौंड, टॅक्स नाही म्हणून वर १६० अनामत, आणि चोवीस तासात नाही सोडवली तर उचलून नेणार, मग २०० आणि रोजचे २१ वेगळे. मेहुणा बर्मिंगहॅमहून सुट्टी टाकून आला. बॅटरी मेलेली. तुम्ही तेराव्याला ओटीवर बसून केलंत, छान, पण सगळ्यांच्या घरी ओटी नसते.

शब्दच्छल

रोड टॅक्स, रोड टॅक्स काय चाललंय? (काल अर्धा धागा हेच म्हणत होता.) ती व्हेइकल एक्साइज ड्यूटी आहे. या पैशाचा रस्त्यांशी थेट संबंध १९३७ लाच तुटला, सगळं सरकारी तिजोरीत जातं. त्यामुळे 'मी रस्ता वापरला नाही तर टॅक्स का' हा युक्तिवादच बाद. वापरलात की, दहा महिने गाडी ठेवायला वापरलात.

ईव्हीवाला विन्या

वर १९५ चा विषय निघालाच आहे म्हणून. आम्ही २०२१ ला इलेक्ट्रिक घेतली तेव्हा टॅक्स शून्य, शून्य म्हणून गाजावाजा केला होता. १ एप्रिल २०२५ ला आम्हालाही १९५ सुरू झाले! आणि आता २०२८ पासून मैलाला ३ पेन्स वेगळे घेणार म्हणतात. नाशिककरांना निदान एमओटीचं निमित्त तरी होतं, आम्ही काय पाप केलं?

लेस्टरची काकू

विन्या, तुझा टॅक्स वाढला त्याचा इथे काय संबंध? वेगळा धागा काढ.

नाशिककर, रस्त्यावरच्या गाडीचा मुद्दा मान्य. मी गाळला नव्हता, माझ्या डोक्यातच आला नाही. पण मग जायच्या आधी एमओटी करून घ्यायची, लवकर केली तर काही बिघडत नाही, तेव्हापासून वर्ष धरतात. ५५ पौंडाच्या आतबाहेरचं काम. दहा महिने निवांत गेले असते.

नाइलाजाने नाशिककर

आई रात्री साडेअकराला बाथरूममध्ये पडली, म्हणजे इथले संध्याकाळचे सहा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात होतो. मध्ये एमओटीची अपॉइंटमेंट घेतली नाही, चुकलंच.

लेस्टरची काकू

आई आता कशा आहेत?

नाइलाजाने नाशिककर

वॉकरवर आहे. अंगणात दोन फेऱ्या मारते.

खजिनदार, कोथरूड

मी पुण्यात राहतो, इंग्लंडचं मला काही कळत नाही, पण हे सगळं वाचून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिकडे टॅक्स चुकला तर जॅमर लावतात, हे ऐकून मला तर हेवा वाटला! आमच्या सोसायटीत एका विलायतवासी सभासदाची २००९ ची गाडी गेली सहा वर्षं एकाच जागी उभी आहे. चारही टायर जमिनीला टेकलेत, काचेवर कबुतरांची रांगोळी, बोनेटवर पोरांनी बोटाने 'मला धुवा' लिहिलं होतं त्यावरही आता धूळ बसली. मागच्या पावसाळ्यात मांजर व्यायली बॉनेटच्या आत. नोंदणीची १५ वर्षं २०२४ लाच संपली, पीयूसी नाही, विमा नाही, एचएसआरपी नंबरप्लेट नाही. मेल केला की उत्तर येतं, 'डिसेंबरमध्ये येतोय, बघतो.' कुठला डिसेंबर ते लिहीत नाहीत. मेंटेनन्स मात्र दर तिमाहीला टाइमावर, त्यामुळे मीटिंगमध्ये बोलायची सोय नाही. गणपतीचा मांडव आम्ही त्या गाडीला वळसा घालून बांधतो.

एनआरआय मंडळींनो, दोन देशात दोन गाड्या कशाला पाहिजेत तुम्हाला?

कोकणकन्या दुबई

+१००. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्येही आहे एक. स्लॉट अडवून ठेवायला गाडी ठेवतात हो, गाडी वापरायला नाही. आपल्या दुबईत बघा, वर्षाच्या वर्षी रजिस्ट्रेशन, आधी तपासणी, आधी सगळे फाइन भरा मग कार्ड. गप भरतात तिथे सगळे, आणि मुंबईला उतरले की नियम कुठेतरी बॅगेत राहतात.

एकरकमी

महाराष्ट्रात गाडीचा टॅक्स एकदाच भरला की पंधरा वर्षं कुणी विचारत नाही, हीच पद्धत बरी. परदेशात राहा नाहीतर चंद्रावर.

शब्दच्छल

बरी? बारा लाखाची पेट्रोल गाडी घेतली की १२ टक्क्यांनी १ लाख ४४ हजार पहिल्याच दिवशी काउंटरवर. मग पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणीचे ५०००, पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी तपासणीला समोर न्यायची. म्हणजे फिरून नाशिककरांचाच प्रश्न: नेणार कोण?

खजिनदार, कोथरूड

अहो नेणार कोण हा नंतरचा प्रश्न, आधी ओटीपी! मी त्या सभासदाला म्हटलं मी करून देतो, नंबरप्लेट बुक करायला गाडीला ७४५ अधिक जीएसटी, पैसे पण मी घालतो, फक्त ओटीपी सांगा. तर त्यांचं भारतातलं सिम बंद. नव्वद दिवस वापरलं नाही, बॅलन्स नाही, गेला नंबर. त्या नंबरवर आता उल्हासनगरचे कोणी बांगडीवाले आहेत. त्यांनाही फोन लावून झाला.

कोकणकन्या दुबई

बांगडीवाल्याला फोन लावला??? 🤣

खजिनदार, कोथरूड

सज्जन माणूस. म्हणाले, ओटीपी आला तर सांगतो, पण बँकेचा नाही ना?

ईव्हीवाला विन्या

ओटीपीवर बोलाल तर माझी कहाणी ऐका, आधार अपडेट करायला मी हीथ्रोहून

लेस्टरची काकू

विन्या!!

खजिनदार साहेब, तुमचा त्रास खरा आहे पण सगळ्या एनआरआयना एका माळेत ओवू नका. मी माझी पुण्यातली गाडी २०१६ लाच विकली, दु:ख झालं, विकली. आणि एक विचारू का नाशिककर, तुमच्या नाशिकच्या घरी गाडी आहे का हो? दहा महिने आईंना फिजिओला कशातून नेत होतात?

नाइलाजाने नाशिककर

रिक्षातून.

गाडी आहे. वडिलांची, २०१० ची. वडील २०२१ ला गेले. गाडी अजून त्यांच्याच नावावर. खजिनदार साहेब ज्या गाडीचं वर्णन करतायत ती माझी नाही, पण माझी असती तरी फार वेगळी दिसली नसती.

मला माहितीये काय म्हणणार तुम्ही सगळे. माणूस गेल्यावर तीस दिवसात कळवायचं, तीन महिन्यात फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची. वाचलंय सगळं. तेव्हा विमानं धड चालू नव्हती, मी क्रिया व्हिडिओवर बघितली. नंतर आलो तेव्हा करायला बसलो तर ओटीपी बाबांच्या नंबरवर. फोन कपाटात, सिम बंद. नंबर बदलून मिळतो, अर्ज करायचा, कागद लावायचे, सगळं शक्य आहे, मी नाही केलं. गाडीत अजून त्यांचा चष्मा आहे, दाराच्या कप्प्यात, आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या पेट्रोलची पावती. आई म्हणते राहू दे.

हसा आता.

एकरकमी

हसत नाही भाऊ.

कोकणकन्या दुबई

सॉरी. पण बोलते. भावना समजतात, तरी ती गाडी कुणाच्या तरी पार्किंगमध्ये उभी आहे ना? आमचेही बाबा गेले, त्यांची स्कूटर आम्ही दोन महिन्यात दूधवाल्याला दिली. तो अजून त्याच गाडीवर येतो. आईला हॉर्न ओळखू येतो. पण गाडी चालू आहे.

नाइलाजाने नाशिककर

स्वतःच्या अंगणात आहे, कुणाच्या पार्किंगमध्ये नाही. याच अंगणात आई फेऱ्या मारते, गाडीला हात लावून वळते. तुमच्या इंग्लंडच्या भाषेत सॉर्न समजा.

शब्दच्छल

भारतात सॉर्न नसतं.

खजिनदार, कोथरूड

अहो शब्दच्छल, कधीतरी गप्प बसत जा.

लेस्टरची काकू

मूळ विषयाकडे येते, कारण रविवार संपत आला आणि मला डबे भरायचेत.

नाशिककर, दंड तुम्हाला लागणारच होता आणि लागायलाच हवा होता, यावर मी ठाम आहे. तुमच्या दारात टॅक्स नसलेली गाडी उभी राहिली तर उद्या प्रत्येकजण म्हणेल माझी आई आजारी होती. आणि ८० पौंडाचं पत्र तेहतीस दिवसात निकालात काढलं असतं तर ४० वर भागलं असतं, ते पत्र तुमच्या पायपुसण्यावर पडून राहिलं यात सरकार काय करणार? घराची किल्ली आजोबांकडे ठेवली असतीत तर निदान पाकिटं तरी उघडली असती कुणी.

पण रस्त्यावर गाडी ठेवणाऱ्यांना परदेशातून करण्यासारखं काहीच हातात राहत नाही, हे मला काल कळलं नव्हतं. ड्राइव्हवे असलेल्यांना दोन मिनिटं आणि नसलेल्यांना मेहुणा. हे काही बरोबर नाही. एवढंच मान्य करते, जास्त नाही.

नाइलाजाने नाशिककर

एवढं मान्य केलंत तेच खूप झालं, फ्रेम करून लावतो.

बाकी खरं सांगायचं तर एमओटीच्या मेसेजला मी यूकेच्या नंबरऐवजी ईमेल दिला असता तर सगळंच टळलं असतं. हे मी काल लिहिलं नव्हतं. मुद्दाम.

ईव्हीवाला विन्या

😂😂

वाचक मात्र

पहिल्यांदाच लिहितेय. मेहुण्यांनी गाडी गॅरेजला नेली ती कुठल्या इन्शुरन्सवर? एमओटी आधी बुक केली असेल तर टॅक्स आणि एमओटी नसताना तिथवर चालवत नेता येते, पण इन्शुरन्सला अशी सूट नाही. आमचे भाऊजी 'माझ्या पॉलिसीवर दुसऱ्याची गाडी चालते' म्हणून निघाले आणि पॉलिसीत ते कलमच नव्हतं, कॅमेऱ्याने पकडलं, लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट. म्हणून विचारलं.

नाइलाजाने नाशिककर

माझ्या पॉलिसीवर त्याचं नाव तीन दिवसांसाठी जोडलं, १८ पौंड गेले. तेवढं मी नाशकातून केलं, ऑनलाइन, मऊभात गार होईपर्यंत. पास झाली एमओटी, एक वायपर बदलला. अनामत पण आली परत.

लेस्टरची काकू

पुढच्या वेळी जाल तेव्हा आधी कळवा. लेस्टरला आमच्या ड्राइव्हवेवर यांची गाडी गेल्यापासून एक जागा रिकामी आहे. फुकट नाही हं, येताना नाशिकचा चिवडा. आणि एमओटी करूनच आणा, माझ्या दारात जॅमरवाले नकोत.

खजिनदार, कोथरूड

काकू, तुमच्या ड्राइव्हवेवर २००९ ची एक चालेल का? मांजरासकट.