पहिल्या वर्षाचं पर्यावरणाचं प्रॅक्टिकल: मुलांना नदीवर नेऊन नेमकं काय करून घ्यावं?

निळीशाई: कराडजवळच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला पर्यावरणशास्त्र शिकवते. लॅब केमिस्ट्रीची, तीही आठवड्यातून दोन तास उसनी मिळते. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं प्रॅक्टिकल आजवर असं चालत आलंय: शिपाई सकाळी कॅनमधून नदीचं पाणी आणून ठेवतो, दुपारी मुलं टायट्रेशन करतात (ब्युरेट या खुणांच्या नळीतून ठरावीक तीव्रतेचं द्रावण थेंबाथेंबाने सोडून प्रमाण काढतात) आणि सगळ्यांच्या जर्नलमध्ये तोच आकडा. यंदा मुलांना प्रीतिसंगमावरच, कृष्णा-कोयनेच्या संगमावर, न्यायचं ठरवलंय. पण सामान काय न्यायचं? तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घेऊन चाळीस मुलांबरोबर नदीकाठी जायला धजावत नाही.

ब्युरेटकाका: मॅडम, लॅब असिस्टंट म्हणून निवृत्त झालो. कॅन आधी बंद करा. अर्धवट भरलेला कॅन हिंदकळत आला की वाटेत हवा मिसळते. पाणी घाण असेल तर उलटं होतं, दुपारपर्यंत जिवाणू ऑक्सिजन खाऊन बसतात. दोन्हीकडून ते रीडिंग कॅनचं.

ॲसिड न्यायची गरजच नाही. काठावर फक्त ऑक्सिजन 'फिक्स' करायचा, म्हणजे रसायनांनी साक्यात बांधून ठेवायचा. 300 मिलीची बी.ओ.डी. बाटली (घट्ट काचेच्या बुचाची, ऑक्सिजन मोजायची) पाण्याखाली तिरकी धरून सावकाश भरायची आणि बूच पाण्यातच लावायचं. बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भरायची, इथे दयामाया नको. मग बूच काढून 2 मिली मँगनीज सल्फेट आणि 2 मिली अल्कलाइन आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. पिपेटला रबरी बल्ब लावा, तोंडाने ओढू देऊ नका. अझाइड विषारी आहे, हातमोजे हवेतच. पुन्हा बूच, बाटली उलटसुलट. तपकिरी साका बसायला लागतो. एक बाटली सांडपाण्याच्या नाल्याची भरून घ्या. तिच्यातला साका पांढरट राहिला म्हणजे ऑक्सिजन जवळपास नाहीच. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या की मागच्या बाकावरचीसुद्धा पुढे येतात, हे पाहिलंय.

बाटल्या सावलीत, ओल्या गोणपाटात ठेवून त्याच दिवशी लॅबवर आणा. साका विरघळवायचं ॲसिड तिथे, तुमच्या हाताने. मग 200 मिली घेऊन 0.025 नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन. ही मात्रा धरली तर ब्युरेटचा 1 मिली म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन, आकडेमोड नाही. थायोसल्फेट जुनं असेल तर आधी स्टँडर्डाइझ करा, म्हणजे त्याची खरी तीव्रता तपासून घ्या. शेवट दाखवणाऱ्या स्टार्चची घाई नको, रंग फिकट पिवळा झाल्यावरच.

आणि पाण्याचं तापमान तिथेच लिहून घ्या. 25 अंशांना समुद्रसपाटीवर पाणी लिटरला साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवतं, कराडच्या उंचीवर थोडं कमी. त्याच्या वर 11 आलं तर रीडिंग खोडायला लावू नका.

निळीशाई: 11 येऊ शकतं? मी तर चूकच धरली असती.

शेवाळप्रेमी: येतं ना. संथ, शेवाळाळलेल्या पाण्यात दुपारी तीनला येतं. दिवसभर प्रकाशसंश्लेषण चालू, ऑक्सिजन हवेत जाण्याआधीच नवा तयार. त्याच जागी पहाटे जा, रात्रभर सगळ्यांनी नुसता श्वास घेतलेला असतो, आकडा पार खाली. म्हणून नमुन्यापुढे घड्याळातली वेळ हवीच. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर भेटतात, तेव्हा नमुने संगमाच्या वर, दोन्हींचे वेगळे घ्या.

ब्युरेटकाका: बरोबर. आणि कोयना धरणातून विसर्ग सुरू असेल तर पात्रात कुणालाही उतरवू नका, आधी चौकशी करा.

दगडउलथी: एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आहे. बाटल्या कमी पडल्या तर उरलेल्या मुलांना दगड पालथे करायला लावा. उथळ, खळखळत्या पाण्यातल्या दगडाखाली मेफ्लाय या उडत्या किड्याची पिल्लं सापडतात: बहुतेकांना तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले, ते सारखे हलत असतात. त्यांना बहुधा चांगला ऑक्सिजन लागतो. गाळात मात्र लालभडक अळ्या मिळतील, डासाच्या नव्हेत, कायरोनोमिड या डासासारख्या दिसणाऱ्या माशीच्या. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात. बाटलीतला आकडा त्या क्षणाचा. हे किडे आठवडे-महिने तिथेच राहिलेले असतात. दगड पुन्हा होता तसा ठेवायला सांगा.

निळीशाई: हे भारी आहे. पण एक्स्टर्नल परीक्षक वेगवेगळे आकडे बघून म्हणतील, मुलांना टायट्रेशन येत नाही.

ब्युरेटकाका: म्हणू देत. प्रत्येक गटाला तीन टायट्रेशन लावा. एकाच जागी लागोपाठ भरलेल्या तीन बाटल्यांची तिन्ही जवळ आली तर हात चांगला. दोन गटांचे आकडे वेगळे असले तर जागा आणि वेळ विचारा. जर्नलमध्ये नदीचा नकाशा काढून बाटलीचा नंबर त्याच्यावर टाका, परीक्षक गप्प बसतात.

निळीशाई: दगडउलथी, किडे बघायला ट्रे कुठला?

दगडउलथी: विकत नका घेऊ. आइस्क्रीमचे पांढरे रिकामे डबे आणि चित्रकलेचा बारीक ब्रश. चिमट्याने उचलले तर कल्ले तुटतात.