रंकाळ्याच्या पाण्यावर नववीतला प्रकल्प: स्पर्धा कोणती, ऑक्सिजन मोजायचा कसा?

रंकाळाकाठ
नमस्कार. मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन महिनाभर मोजायचा म्हणते. हे कुठल्या स्पर्धेत बसेल? बाटली शाळेत नेईपर्यंत आकडा बदलतो म्हणतात, खरं का? आणि मे महिन्यात तिला कुठं पाठवता येईल?

प्रयोगवही
ताई, या कामासाठी इन्स्पायर मानक या सरकारी योजनेच्या मागं लागू नका. तिथं नवी वस्तू किंवा युक्ती लागते आणि नाव शाळेनंच पाठवायचं असतं. मोजमापाच्या कामाला राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद बरी. वय १० ते १७, दोघांचा गट, सोबत मार्गदर्शक शिक्षक, प्रश्न आपल्या भागातला. प्रकल्प त्या वेळच्या मुख्य विषयात बसवावा लागतो, तेवढं आधी बघा.

पुढं आयरिस या देशपातळीवरच्या विज्ञान मेळ्यामार्गे अमेरिकेतल्या आयसेफ या आंतरराष्ट्रीय मेळ्यापर्यंत जायची इच्छा असेल तर एक गोष्ट आत्ताच पाळा: आराखडा आणि सह्या आधी, प्रयोग नंतर. मागाहून भरलेल्या कागदांमुळं चांगलं काम बाद होतं. पाण्यातले जंतू घरी वाढवायलाही तिथं सक्त मनाई आहे.

ब्युरेट
आकडा बदलतो हे खरं, म्हणून ऑक्सिजन काठावरच 'बांधायचा', म्हणजे रसायनं घालून आकडा बदलणार नाही असं करायचं. पद्धत विंकलरची. ३०० मिलीची काचेच्या बुचाची बीओडी बाटली (पाणी तपासायची खास बाटली) पाण्याखाली तिरकी धरून सावकाश भरा. बुडबुड आवाज आला की हवा मिसळली, ती बाटली ओतून टाका. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कली आयोडाइड-अझाइड सोडा. बुडबुडा न अडकवता बूच लावून बाटली उलटसुलट करा. तपकिरी साका (खाली बसणारा गाळ) आला म्हणजे ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच. आता बाटली कापडात गुंडाळून अंधारात न्या.

शाळेत २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल सरांनीच घालायचं, मुलीनं नाही. अझाइडही विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच. साका विरघळला की २०३ मिली द्रावण घेऊन ०.०२५ नॉर्मल तीव्रतेच्या थायोसल्फेटनं टायट्रेट करा, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून ते थेंब थेंब घालत किती लागलं ते मोजा. रंग फिक्या गवतासारखा पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला. आधी घातलं तर आयोडीन स्टार्चला चिकटून बसतं आणि शेवटचा बिंदू हुकतो. निळा रंग पहिल्यांदा गेला की थांबा, थोड्या वेळानं परत आला तरी तो मोजायचा नाही. थायोसल्फेट जितके मिली लागलं, तितके मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन.

बहुतेक चुका थायोसल्फेटमुळं होतात. ते ठेवून ठेवून कमजोर होतं आणि ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. दर खेपेला तीव्रता नक्की माहीत असलेल्या डायक्रोमेटच्या द्रावणाशी ताडून घ्या. प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भरा आणि पाण्याचं तापमान तिथंच लिहा.

रंकाळाकाठ
शाळा साडेपाचला सुटते. तेव्हा नमुना घेतला तर चालेल का?

ब्युरेट
रोज तीच वेळ असेल तर चालेल, पण निम्मीच गोष्ट कळेल. दिवसभर शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री सगळेच तो वापरतात. कोल्हापूर सुमारे ५७० मीटर उंचीवर, त्यामुळं २५ अंशांना पाण्यात लिटरला ७.७ मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. दुपारी ९ आला तर आकडा खोडू नका, शेवाळ जास्त असलं की असं होतं. मासे गुदमरतात ते पहाटे. म्हणून रविवारी उजाडायच्या आधी, मोठं माणूस सोबत घेऊन, संध्यामठाच्या बाजूला एक आणि शालिनी पॅलेसच्या बाजूला एक असे नमुने घ्या. संध्याकाळी पुन्हा त्याच जागी. परीक्षक या फरकाबद्दलच विचारतील.

वेळापत्रक
उन्हाळ्यासाठी इस्रोचं युविका हे विद्यार्थ्यांचं शिबिर बघा. ते नववीतल्यांसाठीच आहे, मे महिन्यात साधारण दोन आठवडे, प्रवास आणि राहणं इस्रोकडून. आठवीच्या गुणांना मोठं वजन असतं. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेला जादा गुण मिळतात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धाही सहावी आणि नववीलाच असते, लेखीनंतर प्रात्यक्षिक, कृती संशोधन आणि मुलाखत. ब्युरेटवर हात बसला असेल तर प्रात्यक्षिकात उपयोग होतो.

पैसे घेऊन मुलाचं नाव शोधनिबंधावर घालून देणाऱ्या शिबिरांकडं मात्र वळू नका. परीक्षक वहीतलं एक पान उघडून हा आकडा कसा आला एवढंच विचारतात, आणि मूल गप्प बसतं.