व्यसनातून सावरणाऱ्या आई-बापांना पालकत्वाचे धडे कधी द्यायचे?

उंबरठा: ‘आधी वर्षभर सोबर राहा, मुलांचं मग बघू’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं. मला पटत नाही. मूल तेवढं थांबत नसतं. मानसशास्त्रज्ञ कॅरोल कुम्फर यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात ‘स्ट्रेंदनिंग फॅमिलीज’ कार्यक्रम उभा केला, तो उपचार घेत असलेल्या पालकांच्या ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठीच. १४ सत्रं, प्रत्येकी दोन तास. पहिला तास पालक एका खोलीत, मुलं दुसरीत. दुसरा तास सगळे एकत्र.

तिरपी रेघ: असहमत. सुरुवातीच्या आठवड्यांत धड झोप नसते, चिडचिड असते, लक्ष टिकत नाही. मेथाडोनचा (अफू-हेरॉइनच्या व्यसनावर देतात त्या औषधाचा) डोस नुकताच बसवत असतील तर डोळ्यांवर पेंग. अशात शिस्तीचा धडा अर्धाच डोक्यात शिरतो आणि घरी पोचतो तो फक्त ‘शिक्षा’ हा शब्द. इतके दिवस घर सांभाळणाऱ्या थोरल्या मुलीला अचानक नियम लावले, तर ती ऐकेलच कशी?

गाठोडं: म्हणून तर शिस्त आधी शिकवतच नाहीत! आधी खेळ. रोज १० मिनिटं, खेळ मुलानं निवडायचा. हुकूम नाही, प्रश्न नाही, शिकवणं नाही. दिसेल ते फक्त बोलायचं: ‘लाल ठोकळा वर ठेवलास.’ ऐकायला सोपं आहे, पण दुसऱ्याच मिनिटाला ‘हा कुठला रंग?’ निघतोच. झाली परीक्षा सुरू, मूल गप्प. दुसरी चूक अपराधीपणाची: रविवारी तीन तास खेळायचं, भेटवस्तू आणायची आणि बुधवारपर्यंत फिरकायचं नाही. आधीच फसलेल्या मुलाला हे जास्त लागतं.

हुकूम नंतर. एका वेळी एकच, जवळ जाऊन, ‘करशील का?’ असं न विचारता. मग पाच सेकंद गप्प. केलं की लगेच शाबासकी.

तिरपी रेघ: खेळापुरतं मान्य. पण मग मुलांना केंद्रात कशाला ओढायचं? पालकांना शिकवा, ते घरी करतील.

उंबरठा: कुम्फर यांनी नेमकं हेच तपासलं होतं: फक्त पालक, पालक अधिक मुलं, आणि दोन्ही अधिक एकत्र सत्र. तिसरी रचना सरस ठरली. एकत्र तासात प्रशिक्षक शेजारी असतो, प्रश्न तोंडातून निघाला की तिथेच थांबवतो. घरी कोण थांबवणार? मात्र सत्राआधी जेवण, धाकट्यांना सांभाळायला माणूस आणि येण्याजाण्याची सोय नसेल, तर गळती ठरलेली.

तिरपी रेघ: आणि पालक मध्येच पुन्हा नशेकडे घसरला तर?

गाठोडं: त्याचा कागद पहिल्याच आठवड्यात करायचा, शुद्धीत असताना. मुलाला कोण नेणार, त्यांचा फोन, औषधं कुठल्या कुलपात, कुठल्या खुणा दिसल्या की फोन करायचा. मेथाडोन घरी मिळत असेल तर कुलूप आधी, कागद नंतर. लहान मुलाला एक डोसही जीवघेणा ठरू शकतो.

तिरपी रेघ: कुलपाचं मान्य. पण दोन तास पहिल्या महिन्यात नकोच. ४० मिनिटं, तीही नुसत्या खेळाची.