माणसाचा लांडगा कसा होतो? जुन्या समजुतींत नेमकं काय सांगतात?

प्रश्न: युरोपातल्या लोककथांत रूप बदलायला पौर्णिमा लागतेच का? आणि माणूस परत माणसात कसा येतो?

उत्तर १: पौर्णिमेचं महत्त्व सिनेमांनी वाढवलं. उत्तर जर्मनीत मुख्य वस्तू पट्टा. लांडग्याच्या कातड्याचा पट्टा कमरेला बांधला की लांडगा, सोडला की माणूस. बाप्तिस्म्याच्या नावानं हाक मारली तरी रूप गळून पडतं, असंही मानत. १५८९ साली जर्मनीतल्या बेडबुर्ग गावच्या पेटर श्टुम्प या शेतकऱ्यानं छळाखाली अशाच पट्ट्याची कबुली दिली. पट्टा मात्र कधीच सापडला नाही. त्यामुळे अशी कबुली वाचताना ती कशी मिळवली, हे आधी बघा.

उत्तर २: सगळे लांडगे सैतानाचे नव्हते हो! १६९१-९२ च्या लिवोनियातल्या (आजच्या लाटविया-एस्टोनियाचा भाग) खटल्यात स्वतःला लांडगा होणारा माणूस म्हणवणारा म्हातारा थीस ठामपणे म्हणाला, आम्ही देवाचे कुत्रे. चेटक्यांनी पळवलेलं धान्य नरकातून परत आणतो. शिक्षा फटके आणि हद्दपारी. माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा पुरावा, कारण न्यायाधीशांना हवं ते तो बोललाच नाही.

उत्तर ३: स्कॉटलंडच्या ऑर्कनी-शेटलंड बेटांवरच्या कथांतल्या सीलबायका विसरू नका; समुद्रात त्या सील नावाचा प्राणी असतात. किनाऱ्यावर सीलचं कातडं उतरवलं की बाई. ते कुणी लपवलं तर ती जमिनीवरच अडकते. सापडलं की मुलंबाळं मागे ठेवून थेट समुद्रात.