जुनी पितळी तोटी आणि नवा फिल्टर: नळाला जोडणी करतानाचे तुमचे अनुभव सांगा

काल नाशिकला पंचवटीत माहेरी बाबांकडे पाण्याचा फिल्टर बसवला. काम तासाभराचं, पण मन कालपासून तिथेच अडकलंय, म्हणून लिहितेय.

वाड्यातलं स्वयंपाकघर, लोखंडी पाइप आणि त्याला माझ्या जन्माआधीची पितळी तोटी. प्लंबरदादाने एक पाना भिंतीलगतच्या पाइपवर घट्ट धरला आणि दुसऱ्याने तोटी हलवली. एकाच पान्याने जोर लावला तर गंजलेला पाइप भिंतीच्या आत पिळवटून तुटतो म्हणे. तोटी सुटली तेव्हा आट्यांमधून काळं पडलेलं सूत निघालं, त्यावर सफेदा वाळून खडखडीत झालेला. टेफ्लॉन टेप घरोघरी यायच्या आधीचं काम ते. आणि तोटीच्या तोंडापाशी बारीक गोल खाच. आई तिथे पंचाचा चौपदरी तुकडा सुतळीने बांधायची. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की तो सकाळी पांढरा असायचा आणि संध्याकाळी विटकरी. धुवून वाळत घालायचं काम माझ्याकडे होतं, मी फार कंटाळा करायचे. आई जाऊन चार वर्षं झाली. तोटी हातात घेऊन ओट्यापाशी रडू आलं, आणि तो बिचारा टेपचं रीळ हातात धरून गप्प उभा राहिला.

तोटीच्या जागी तीन तोंडांचा कनेक्टर आला, त्याला छोटा व्हॉल्व्ह, तिथून पाव इंची पांढरी नळी मशीनला. पहिल्या दोन टाक्या भरून ओतून दिल्या. बाबा ८१ वर्षांचे आहेत, गेल्या पावसाळ्यात पोटाने फार हैराण झाले होते, त्यासाठी हा खटाटोप. तुमच्याकडे जोडणीच्या वेळी काय काय झालं ते लिहा. बाबांच्या घरी काही राहिलंय का तेही कळेल.

सिडकोवाली
ताई, वाचून माझेही डोळे भरले. आमच्या सासूबाई अजून नळाला कापड बांधतात, फिल्टर असूनही. मी काढत नाही.

पाथर्डी_फाटा
मशीन टांगायला भिंतीत ड्रिल मारलं आणि थेट आतल्या पाइपात. कारंजं! किचनमध्ये घोट्यापर्यंत पाणी. गच्चीवर पळालो तर आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह गंजून बसलेला, फिरेना. वॉचमनकाकांनी शेवटी पूर्ण टाकीचाच बंद केला, तोवर पीठ, तांदूळ सगळं भिजलं. टाइल फोडून पाइप जोडायला दोन दिवस.
नळाच्या बरोबर वर आणि बरोबर बाजूला ड्रिल मारू देऊ नका. आतले पाइप बहुतेक सरळ उभे नाहीतर आडवे जातात. आणि काम सुरू करायच्या आधी गच्चीवरचा व्हॉल्व्ह एकदा फिरवून बघा.

मधली_होळी
तोटी टाकून देऊ नका हो!!

इंदिरानगर_३
आमचा किस्सा वेगळाच. सिंकखाली दोन अँगल कॉक असतात ना, एक गारचा, एक सोलरचा. फिल्टर बसवायला आलेला मुलगा सकाळी साडेसातला आला. सोलरचं पाणी तेवढ्या लांब पाइपातून यायला वेळ लागतो, हात लावला तर दोन्ही गारच लागले. त्याने सोलरच्या कॉकला जोडलं. दीड महिना आम्ही म्हणतोय, दुपारी फिल्टरचं पाणी कोमट का येतं. मे महिना होता, सगळ्यांना वाटलं उन्हाने. मग चव बिघडली, पाणी यायचं कमी झालं. दुसरा माणूस आला, त्याने आधी नळीलाच हात लावला आणि म्हणाला, काकू हे काय. मशीनमधली पाणी गाळणारी मेंब्रेन चाळीस अंशांच्या वरचं पाणी फार सोसत नाही, ती गेली होती. नवी घ्यावी लागली.
त्या मुलाला मी फोन करून सांगितलं, ओरडले नाही. नवा होता. पुढच्या घरी तरी बघेल.

गंगापूर_रोड_काका
मूळ प्रश्न, तुमच्या घरी आरओ हवा का? मी पाण्यातले क्षार मोजायचं मीटर आणलं. महापालिकेचं पाणी, म्हणजे गंगापूर धरणाचं, आमच्या नळाला टीडीएस (विरघळलेले क्षार) ११५. सोसायटीच्या बोअरचं ८६०. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५०० हे ५०० पर्यंत चांगलं मानतं. मग ११५ च्या पाण्याला आरओ लावून त्यातले क्षारही काढायचे आणि एक लिटरमागे दोन-तीन लिटर वायाही घालवायचं, हे मला पटत नाही. जंतू मारणारा यूव्ही लावला. पण एप्रिल-मेमध्ये सोसायटी टाकीत बोअर मिसळते तेव्हा आकडा चढतो, म्हणून मी दर महिन्याला मोजून वहीत लिहितो. ताई, बाबांकडचं पाणी मोजलंत का?

दिंडोरी_रोड
@काका, मीटर क्षार मोजतं, जंतू नाही. माझ्या दिरांनी ९० आकडा बघून तसंच प्यायला सुरुवात केली आणि कावीळ झाली. तेवढं लक्षात असू द्या सगळ्यांनी.

गंगापूर_रोड_काका
अगदी बरोबर. म्हणूनच यूव्ही. दीर आता बरे आहेत ना?

दिंडोरी_रोड
हो, बरे आहेत. पथ्य मात्र सहा महिने. तेलकट बंद म्हणून माझीपण भजी बंद झाली होती.

जेलरोड_भाडेकरू
मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. ओट्यावर स्टँड करून ठेवलाय, नळाच्या तोंडालाच लागणारा कनेक्टर मिळतो तो लावला. घर सोडताना सगळं बरोबर नेता येईल. सध्या बाळाला झोपवतेय, नंतर लिहिते.

वरचा_मजला
टाकीच्या खालीच घर असेल तर प्रेशर नसतं. उलट वाटतं ना लोकांना? पाण्याची उंची दहा मीटर असेल तेव्हा साधारण एक किलो प्रेशर मिळतं. आमच्या नळापासून टाकी जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे ०.३. तळमजल्यावरच्यांचं मशीन धो धो चालतं आणि आमचं सुरूच होईना, आतला प्रेशर स्विच त्याला पाणीच नाही समजायचा. मशीनच्या आधी छोटा पंप जोडला तेव्हा चाललं. मशीन घेतानाच मजला सांगा.

आडगाव_नाका
मला हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आम्ही गावी गेलो, चार दिवस. पाव इंची नळी कनेक्टरमधून सुटली. इमारतीत कोणी पाणी वापरत नसलं की रात्री प्रेशर वाढतं, त्यात नळी तिरकी कापलेली होती आणि कनेक्टरची ती छोटी लॉक क्लिप लावलेलीच नव्हती. रात्रभर पाणी वाहिलं. खालच्या मजल्यावर एकट्या आजी राहतात. त्यांच्या हॉलचं छत ओलं होऊन पीओपीचा तुकडा पडला, देवघराच्या जवळच. आजी पहाटे पाच वाजता गच्चीवर जाऊन आमची लाइन बंद करून आल्या. गुडघे दुखतात त्यांचे. आम्हाला फोनही केला नाही, सणात कशाला, म्हणून.
मी आलो तर म्हणाल्या, आधी फराळाचं खा. पीओपीचे पैसे घेतले नाहीत. मी रंगाऱ्याला परस्पर पैसे दिले तेव्हा मात्र रागावल्या. अजून जिना चढताना त्यांच्या दारासमोर आलो की वाईट वाटतं.
आता रोज रात्री मशीनचा व्हॉल्व्ह बंद. बाहेर जाताना तर नक्कीच. नळी ब्लेडने सरळ काटकोनात कापून, पूर्ण आत दाबून, क्लिप लावलेली स्वतः बघा. ताई, बाबांकडे आज जाल तेव्हा हे बघाच.

सिडकोवाली
आजींना नमस्कार सांगा.

पाथर्डी_फाटा
आत्ता उठून माझी बघितली. दोन क्लिपा होत्या, तिसरी नव्हती. धन्यवाद भाऊ.

म्हसरूळची_सुनबाई
वाया जाणाऱ्या पाण्याची नळी सिंकच्या भोकात खोल खुपसू नका. आमच्याकडे तशीच होती, ड्रेनेजमधलं पाणी तुंबून नळीच्या टोकाशी यायचं. आता टोक बादलीत सोडलंय. त्यात भांडी, लादी, बाथरूम सगळं होतं. कढीपत्त्याला मात्र घालत नाही, बोअरचं असल्यामुळे पानं कडेने करपली.

मधली_होळी
ताई, तोटीचं काय केलंत? मी भांडी बाजाराजवळच राहतो. तांबट आळीत द्या, उजळून देतात. आमच्या आत्याने तशीच एक जुनी तोटी तांब्याच्या पिंपाला बसवून घेतली, फिल्टरचं पाणी त्यात ओतते.

धागाकर्ती
सगळ्यांना उत्तर देते, जरा धावपळ आहे. क्लिपा बघितल्या, चारही आहेत. काका, बाबांकडचं पाणी १२०, त्यामुळे आपण आरओ नाही, यूव्हीच घेतलाय. आडगावच्या भावाचं वाचून बाबांना रात्री व्हॉल्व्ह बंद करायला शिकवलं. व्हॉल्व्हच्या दांडीला लाल दोरा बांधलाय, म्हणजे चष्म्याशिवाय कळेल.
मधली होळी दादा, आज सकाळी तोटी घेऊन तांबट आळीत जाऊन आले. त्यांनी आतली चाती काढून दाखवली, वॉशर चामड्याचा होता! पिंप बाबांकडे आहेच, भोक पाडून बसवून देतो म्हणाले. खाच घासून काढू का विचारलं. म्हटलं, बाकी सगळं उजळा, तेवढी राहू द्या. गुरुवारी मिळेल.

मधली_होळी
वॉशर आता रबरी टाकतील, चामड्याचा मागून घ्या. आणि आत कल्हई आहे का तेही विचारा, पिंपाला.

इंदिरानगर_३
तांब्याच्या पिंपाला कल्हई नको हो, मग तांब्याचा उपयोग काय! पितळेला करतात.

मधली_होळी
हो हो, बरोबर. पितळेचं म्हणत होतो.

जेलरोड_भाडेकरू
बाळ झोपलं. कोणाकडे आज संध्याकाळी पाणी आलं का? आमच्याकडे अजून नाही.