चिठ्ठ्या चिकटवू नका

वाचनालयाच्या निधीसाठी शहरभर चिठ्ठ्या लपवून खजिनाशोध घ्यायचा, ही एका ताईंनी मांडलेली कल्पना झकास आहे. फक्त चिठ्ठ्या चिकटवू नका. आमच्या सोसायटीने घेतला तेव्हा बागेतल्या बाकाखालची चिठ्ठी सकाळी झाडलोटीत गेली आणि सहा टीम त्या बाकाभोवती गुडघ्यावर रांगत होत्या. (फोटो मात्र छान आले.)

उत्तर जागेवर कायमचं असेल असंच कोडं घाला. पुण्यात तर नावंच कोडी आहेत. 'नावात लाकूड, अंगात एक फळी नाही' म्हटलं की लकडी पूल. 'एक देव उपाशी, दुसऱ्याच्या नावातच जिलब्या': इथे उपाशी विठोबा आणि जिलब्या मारुती ही दोन्ही देवळं गाठावी लागतात. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या देवळाच्या दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा कोरलाय. 'गणपतीच्या दारात कोणाला बांधलंय?' एवढंच विचारा. गूगलवर शोधणारेही तिथे गेले की दोन मिनिटं बघत उभे राहतात.

दुचाकीवरून शर्यत नको. पेठांतले एकेरी रस्ते बघता कोणीतरी उलटं घुसणारच. पायी ठेवा, रविवारी सकाळी सातला, आणि गुण किती वेळ लागला यावर न देता बरोबर उत्तरांवर द्या. मग आजी-नातू जोडीही जिंकू शकते.

पैसे प्रवेशशुल्कातून फार सुटत नाहीत. आम्ही दहा रुपयांना एक 'हिंट' विकली, त्यावरच खरी कमाई झाली. पावत्या मात्र वाचनालयाच्या नावानेच फाडा.

कोडी तपासायला माणूस हवा असेल तर मी येतो.